वारा, पाल आणि मेख

कापडाचे किंवा ताडपत्रीचे छत चार काठ्यांवर ताणून आणि दोऱ्यांनी जमिनीला जखडून उभारलेल्या आडोशाला मराठीत पाल म्हणतात. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झालेल्या मराठीभाषक पट्ट्यात हा आडोसा बाराही महिने कुठे ना कुठे उभा असतो. आठवडी बाजारात भाजीवाला तो घालतो, जामसावळीच्या हनुमान मंदिराच्या वाटेवर नारळ-प्रसादवाला घालतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव अशी दगडफेकीची गोटमार यात्रा भरते, तेव्हा तिथली फराळाची आणि खेळण्यांची दुकानेही पालांतच लागतात. संत्र्याच्या हंगामात बागेच्या बांधावर प्रतवारी करणाऱ्या मजुरांच्या डोक्यावर हेच छत असते. एवढ्या लोकांची रोजची कमाई ज्या छताखाली चालते, ते वाऱ्यात कशामुळे टिकते आणि कशामुळे उडते, याचा विचार मात्र बहुधा ते उडाल्यावरच होतो, आणि तोही ताडपत्री किती जाड घ्यावी एवढ्यापुरताच होतो. वास्तविक ताडपत्री फाटल्यामुळे मोडणारी पाले थोडी असतात. जमिनीतली मेख सुटल्यामुळे किंवा दोरी बांधण्याची जागा निखळल्यामुळे जाणारी पाले कितीतरी अधिक असतात.

वारा पालाला ढकलतो आणि ते आडवे पाडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भिंतीच्या किंवा फलकाच्या बाबतीत ती खरी असली, तरी छताच्या बाबतीत वाऱ्याचे मुख्य काम उचलण्याचे असते. छतावरून जाणारा वारा वेग घेतो आणि वेग वाढलेल्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे वरून कापड ओढले जाते. त्याच वेळी छताखाली शिरलेली हवा कोंडून दाब वाढवते आणि खालून कापड रेटते. या दोन्ही जोरांची दिशा एकच, वर. ताडपत्री सैल असेल तर ती फुगून पोटासारखी होते, तिचा आकार पक्ष्याच्या पंखाच्या जवळ जातो आणि उचल आणखी वाढते. पालाखाली आधाराला बल्ल्या कितीही मजबूत लावल्या, तरी बल्ली फक्त छताला खाली येऊ देत नाही; छताला वर जाऊ न देण्याचे काम दोरी आणि मेख यांनाच करावे लागते.

ही उचल किती असते, याचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ब्यूरोने केलेल्या आयएस ८७५ या संहितेच्या तिसऱ्या भागात दिलेल्या सूत्रानुसार वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, ज्यात लहान झाडे सबंध डोलू लागतात, दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो वजनाएवढा दाब देतो. ताशी ७२ किलोमीटरला तोच दाब साडेचोवीस किलोंच्या घरात जातो. बाजारातले दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद पाल साधारण सव्वानऊ चौरस मीटरचे असते. उचल या दाबाएवढीच मानली, तरी पहिल्या वाऱ्यात त्या पालाला सत्तावन्न किलोंचा आणि दुसऱ्यात सव्वादोनशे किलोंहून अधिक वजनाचा जोर वर ओढत असतो, आणि ताडपत्री व बांबू मिळून पालाचे स्वतःचे वजन मात्र पंधरा-वीस किलोंच्या आसपासच असते. उरलेला सगळा भार चार कोपऱ्यांच्या चार दोऱ्यांवर येतो. याच संहितेत या पट्ट्याला जवळ असलेल्या नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, हा मूळ वेग दिला आहे. पन्नास वर्षांच्या मुदतीत येऊ शकणाऱ्या, जेमतेम तीन सेकंद टिकणाऱ्या झोताचा तो वेग आहे. बाजारातल्या पालाने एवढ्या वाऱ्याशी झुंज द्यावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. मात्र किती वाऱ्यापर्यंत पाल राखायचे आणि कोणत्या वाऱ्याला ते आपण होऊन उतरवायचे, ही सीमा आखावीच लागते, हे या आकड्यावरून स्पष्ट होते.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या या भागात पालवाल्याला तीन प्रकारचे वारे भेटतात आणि तिन्हींची रीत वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी, आभाळ निरभ्र असताना उठणारी वावटळ ही तापलेल्या जमिनीची निपज असते. जमिनीलगतची हवा तापून झपाट्याने वर जाते, आजूबाजूची हवा गिरक्या घेत तिची जागा भरते आणि या भोवऱ्याच्या मध्यभागी दाब कमी असल्याने धूळ, कागद आणि सैल ताडपत्री वर ओढली जाते. वावटळ मिनिटा-दोन मिनिटांत विरते, पण ती कोणतीही सूचना न देता आणि कोणत्याही दिशेने येते. दुसरा वारा गडगडाटी ढगांचा, ज्याला वऱ्हाडी-नागपुरी बोलीत वावधन म्हणतात. पाऊस पडताना त्याच्या थेंबांच्या बाष्पीभवनाने ढगाखालची हवा थंड व जड होते, ती कोसळत जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. ढग अंगावर येत असताना आधी हवा ढगाकडे ओढली जाते, मग ती अचानक पडते, आणि काही मिनिटांनी नेमक्या उलट दिशेने गार झोत येतो, बहुतेक वेळा पावसाच्या आधी. ज्याने सकाळच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन एकाच बाजूला जास्तीच्या दोऱ्या मारल्या, त्याचे पाल या उलट्या झोतात जाते. तिसरा वारा पावसाळ्याचा, पश्चिमेकडून येणारा, दिशेला बऱ्यापैकी पक्का. गोटमारीच्या सुमारास हाच वाहतो, त्याचा जोर तुलनेने कमी असला तरी तो तासन् तास टिकतो आणि भिजून मऊ झालेल्या जमिनीतून मेखा हळूहळू ढिल्या करतो. म्हणून पावसाळ्यात पालाची वाऱ्याकडची कड ठेंगणी ठेवून उतार तिकडे द्यावा, हा नियम चालतो. उन्हाळ्यात मात्र चारही बाजूंना सारखे बांधण्याला पर्याय नाही.

सर्व भार शेवटी जमिनीवर येत असल्याने जमिनीची पारख पहिली. या भागातली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. मे महिन्यात ती वरून दगडासारखी वाटते, परंतु दोन भेगांमधल्या सुट्या ढेकळात ठोकलेली मेख त्या ढेकळासकट उपटून येते. मेख भेगेपासून दूर आणि खालच्या ओलसर थरापर्यंत, दोन फूट तरी, गेली पाहिजे. त्याच मातीत ऑगस्टमध्ये मेख हाताने दाबली तरी जाते, आणि जी सहज जाते ती सहज येतेही, हे गृहीत धरून तेव्हा आणखी लांब व आणखी रुंद मेख घ्यावी लागते. मुरमात बाभळीच्या खुंट्या फुटतात, तिथे बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी सळईची मेख घणाने ठोकावी लागते आणि एकदा बसली की ती सर्वांत भरवशाची असते. नदीकाठच्या वाळूत कोणतीच मेख धरत नाही. तिथे हातभर खड्डा करून, दोरी बांधलेले लाकूड किंवा वाळूने भरलेली गोणी त्यात आडवी पुरून वर वाळू लोटणे हाच मार्ग, कारण तेव्हा दोरीला त्या गोणीबरोबर तिच्यावरची सगळी वाळू उचलावी लागते. सिमेंटच्या रस्त्यावर वजनाशिवाय इलाज नसतो, आणि इथे मोठी फसगत होते: पाण्याचा २० लिटरचा कॅन २० किलोंचाच असतो, म्हणजे चार कोपऱ्यांना चार कॅन बांधले तरी ते जेमतेम पहिल्या, छत्तीस किलोमीटरच्या वाऱ्याला पुरतात. वाळूने भरलेली सिमेंटची गोणी सुमारे पन्नास किलोंपर्यंत जाते, आणि ती बांबूच्या पायथ्याशी नुसती टेकवून ठेवायची नसते. छताच्या कडेपासून आलेली दोरी तिला बांधलेली असली तरच तिचे वजन कामी येते.

मेख ठोकण्याची रीत साधी असली तरी ती नीट पाहण्यासारखी आहे. मेखेचे डोके पालापासून बाहेरच्या बाजूला कललेले असावे, म्हणजे छताकडून येणारी दोरी आणि मेख यांच्यात साधारण काटकोन होतो आणि दोरी मेखेला तिच्या अंगाच्या दिशेने ओढू शकत नाही. दोरीचा वेढा मेखेच्या डोक्याशी नसून जमिनीला टेकून हवा. डोक्याशी बांधलेली दोरी तरफेसारखे काम करते, मेख मागेपुढे हलून तिचे भोक रुंदावते आणि दहा-वीस झोतांनंतर तीच मेख बोटांनी निघते. एका मेखेवर विश्वास नसेल तर तिच्या मागे, दोरीच्याच रेषेत, दोन-तीन हातांवर दुसरी मेख ठोकून पहिलीचे डोके दुसरीच्या पायथ्याशी बांधतात. पहिली पुढे झुकू लागताच दुसरी तिला मागे धरते. छताच्या टोकापासून मेखेपर्यंत जाणाऱ्या दोरीला तणावा म्हणतात, आणि पेशवाईतल्या डेरे-राहुट्यांच्या काळापासून हा शब्द चालत आला आहे. तणावा बांबूच्या उंचीएवढ्याच अंतरावर जमिनीला भिडला, तर तो पंचेचाळीस अंशांचा कोन करतो आणि उचल व ढकल दोन्ही सांभाळतो. बाजारात जागेची ओढाताण असल्यामुळे तणावे बांबूला जवळजवळ चिकटून सरळ खाली आणले जातात, हा सर्रास दिसणारा दोष आहे. अशी दोरी मेखेला थेट वर उपटते आणि पालाला आडवा आधार राहत नाही. दोन शेजाऱ्यांनी तणावे एकमेकांच्या हद्दीत ओलांडू देऊन त्यांवर लाल चिंधी बांधली, तर जागाही भागते आणि गिऱ्हाईकही अडखळत नाही.

दोरीचीही तऱ्हा असते. सुती आणि तागाची दोरी पावसात भिजली की आखडते, म्हणून पाऊस लागताच ती थोडी सैल करावी लागते, नाहीतर ती स्वतःच मेख उपटते. नायलॉनची दोरी उलट ताणाखाली लांबते आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा ओढून घ्यावी लागते. बाजारात स्वस्त मिळणारी रंगीत प्लॅस्टिकची दोरी उन्हाने दोन हंगामांत ठिसूळ होते आणि तिच्या कुसळांवरून ते ओळखता येते. गाठ शक्यतो सुरगाठ हवी, निरगाठ नको, कारण ताण वारंवार बदलावा लागतो आणि संकटात ती एका हिसक्याने सुटावी लागते. ट्रकवर माल बांधणारे हमाल दोरीच्या मध्यावर एक फास करून, मोकळे टोक खालच्या कडीतून वळवून पुन्हा त्या फासातून ओढतात आणि मग अडकवतात. या रचनेत दोरी कप्पीसारखी चालते आणि हाताच्या जोराहून बराच अधिक ताण बसतो. पालाच्या तणाव्याला याहून चांगली गाठ नाही. तणाव्याच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी घातली, तर झोताचा धक्का आधी रबर सोसते आणि मेखेपर्यंत तो बोथट होऊन पोहोचतो.

ताडपत्रीच्या कडेला धातूच्या कड्या बसवून केलेली भोके हा तिचा सर्वांत दुबळा भाग असतो. ताण एका लहानशा भोकाच्या काठावर एकवटतो, कडी निसटते आणि तिथून सुरू झालेली फाट पुढे सरकत जाते. यावर खेड्यापाड्यांत चालत आलेला उपाय कोणत्याही कारखान्याच्या कडीपेक्षा सरस आहे. कोपऱ्यापासून वीतभर आत ताडपत्रीच्या खालच्या बाजूला लिंबाएवढा गुळगुळीत गोटा धरायचा, त्याभोवती कापड गोळा करायचे आणि गोट्याच्या मानेशी दोरीचे तीन वेढे देऊन घट्ट बांधायचे. ताण वाढला की वेढा गोट्यावर अधिकच आवळतो, कापडाला भोक पडत नाही आणि भार हाताएवढ्या भागावर पसरतो. गोटा मात्र नदीतला, धार नसलेला हवा. खडीचा तुकडा कापड आतून कापतो. जाम नदीच्या पात्रात असे गोटे हवे तेवढे आहेत.

आता गाडीला जोडलेल्या पालाविषयी, कारण आठवडी बाजारांत त्याचे प्रमाण वाढते आहे. लहान मालवाहू गाडी उभी करून तिच्या टपापासून ताडपत्री बाहेर काढायची, पुढची कड दोन बांबूंवर टेकवायची आणि गाडी व पाल यांच्यात दुकान मांडायचे, ही कापडवाल्यांची आणि भांडेवाल्यांची पद्धत म्हणजे प्रवासी कॅराव्हॅनच्या दाराबाहेर काढतात त्या छताचेच देशी रूप आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर तशा गाड्यांचीही ओळख मराठी प्रवाशांना होऊ लागली आहे, आणि दोन्हींचे दुखणे एकच आहे. गाडीची बाजू ही वाऱ्याला उभी भिंत असल्याने तिच्यावर आदळलेला वारा तीन वाटा काढतो: टपावरून, दोन्ही टोकांनी आणि गाडीच्या खालून. खालून आलेला वारा सरळ पालात शिरून त्याला आतून फुगवतो. म्हणून गाडी वाऱ्याला आडवी लावून पाल तिच्या आडोशाला काढावे, आणि चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत जमिनीपर्यंत गोणपाट बांधावे. एवढ्याने आतली उचल लक्षणीय कमी होते. पाल उघड्या बाजूने वाऱ्याला सामोरे असेल तर उलट घडते: वारा तोंडातून शिरतो, मागे गाडी असल्याने त्याला वाट मिळत नाही, आणि ताडपत्री पतंगासारखी गाडीच्या टपावर उलटी पडते. अशा वेळी दोन्ही बगला उघड्या ठेवणे हिताचे. आडोशासाठी एकच कनात लावायची झाल्यास ती वाऱ्याकडच्या बाजूला लावावी, विरुद्ध बाजूला लावू नये, कारण ती हवेला बाहेर जाऊ देत नाही.

गाडीच्या बाजूची कड टपाच्या कठड्याला घट्ट असते, बाहेरची कड मात्र दोन बांबूंवर हलकी असते, त्यामुळे कापड मध्यभागी फडफडते. ही फडफड केवळ आवाजाची बाब नाही. प्रत्येक झटक्यासरशी गाठ केसभर सैल होते आणि मेख केसभर वर येते. कॅराव्हॅनवाले यासाठी छताच्या वरून आडवा पट्टा टाकून त्याची टोके दोन बाजूंना जमिनीत अडकवतात. या भागातल्या शेतकऱ्याला हे शिकवण्याची गरज नाही: कुटाराच्या ढिगावर ताडपत्री घातली की तो तिच्या कडा बांधून थांबत नाही, वरून आरपार दोर टाकून त्याच्या दोन्ही टोकांना दगड लोंबकळत सोडतो. तीच युक्ती पालावर करावी, फक्त टोकांना लोंबते दगड न ठेवता दोर मेखेला बांधावा, कारण माणसांच्या वावरात झुलणारा दगड घातक असतो. छतावर दगड किंवा विटा ठेवणे तर सर्वथा टाळावे, कारण ताडपत्री उचलली जाताच त्या खालच्या माणसांवर येतात.

लग्नाच्या आणि कथा-सप्ताहाच्या मांडवाचा प्रश्न याच तत्त्वाचा, परंतु कितीतरी मोठ्या आकाराचा आहे. जांभूळ-आंब्याच्या डहाळ्यांनी छावलेल्या जुन्या मांडवातून वारा गाळून निघून जाई. छत जड, ठेंगणे आणि सच्छिद्र असल्याने त्याला उचल कमी मिळे. आज लोखंडी पाइपांच्या उंच सांगाड्यावर न गळणारे कापड ताणून उभारलेल्या डोमला पावसापासूनचे संरक्षण चांगले असते, पण त्यातून वारा जरासुद्धा पार होत नाही, आणि पाइपांचे पाय पुष्कळदा नुसते फरशीवर टेकलेले असतात. २३ जून २०१९ रोजी राजस्थानात तेव्हाच्या बाडमेर जिल्ह्यातील जसोल येथे रामकथा चालू असताना वादळाने असाच मांडव कोसळला आणि चौदा जणांचा जीव गेला. लोखंडी सांगाड्यात वीजप्रवाह उतरल्याने तिथली हानी वाढली. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मंदिराच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचे झाड पडून तिथे आडोशाला थांबलेल्या सात भाविकांचा मृत्यू झाला, आणि ती दुर्घटना शेडच्या बांधणीपेक्षा शेडच्या जागेची होती. मांडव बांधणाऱ्याला भाडे ठरवताना यजमान फुलांविषयी आणि दिव्यांविषयी तासभर बोलतो. पाय कशात रोवणार, तणावे किती आणि वीज तोडण्याची कळ कोणाच्या हाताशी राहणार, हे तीन प्रश्न त्याने विचारले पाहिजेत आणि उत्तर समाधानकारक नसेल तर मांडव नाकारला पाहिजे.

उतरवण्याची वेळ ओळखणे हा या विद्येचा उत्तरार्ध. हवामान खात्याचे नागपूरचे प्रादेशिक केंद्र विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडवर लक्ष ठेवते आणि गडगडाटी वादळाचा काही तासांपुरता इशारा आता मोबाइलवर मिळतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप आहे. त्याच्या जोडीला झाडांकडे पाहण्याची सवय ठेवावी. ब्यूफोर्टच्या वारामापनानुसार मोठ्या फांद्या हलू लागणे आणि विजेच्या तारा शीळ घालू लागणे म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरचा वारा, आणि साध्या पालाने याच टप्प्यावर उतरायला हवे, कारण सबंध झाडे हलू लागल्यावर ताडपत्री माणसांच्या हातात राहत नाही. ढग चढत असताना वारा अचानक पडला, तर ती विश्रांती समजू नये. हाताशी उरलेली मिनिटे तेवढीच असतात. आधी पालाखालची माणसे बाहेर काढावीत, मग वीज तोडावी, मग कनाती सोडाव्यात. त्यानंतर वाऱ्याकडचे दोन बांबू काढून ती कड जमिनीला टेकवावी, म्हणजे वारा आत न शिरता कापडावरून निघून जातो, आणि मागून दुसरे दोन बांबू काढले की ताडपत्री जमिनीवर निपचित पडते. वाऱ्याकडच्या मेखा सर्वांत शेवटी निघतात. कोपऱ्यांतले गोटे मात्र सोडायचे नसतात. ते तसेच बांधलेले ठेवून ताडपत्री गुंडाळली, की पुढच्या बाजारी तणावे लावायला जागा तयार असते.